संदेशवहीतली जास्तीची ओळ

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मंडळीची वही वेगळी आणि ही वेगळी, हे आधीच लिहून ठेवते. मंडळीच्या वहीत मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं लिहिते. इथे माझं.

उचगावची आमची मंडळी लहान आहे. पत्र्याचा हॉल, रविवारी साठेक माणसं. गीतं झाली की पाळक सयाजी लोंढे सगळ्यांना दहा मिनिटं शांत बसायला सांगतात. त्या वेळात कुणाला देवाकडून काही शब्द आला असं वाटलं, तर त्याने उभं राहून बोलायचं. मी तो कच्च्या वहीत जसाच्या तसा टिपून घेते आणि घरी जाऊन मोठ्या वहीत उतरवते. पुढच्या रविवारी तो सगळ्यांसमोर वाचला जातो. मग मंडळीचे तीन वडील, म्हणजे पाळक स्वतः आणि गणपतराव, विठाबाई ही जाणती माणसं, पारख करतात आणि पटला तर खाली सह्या करतात. बायबलातल्या पौलाच्या शिकवणीप्रमाणे बोलणाऱ्याने बोलावं आणि ऐकणाऱ्यांनी पारखावं. सह्यांची पद्धत आमची.

मोठ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, बोलणारा, कुणासाठी, शब्द. चौदाव्या वर्षापासून मी ही वही लिहिते. आता सव्वीस. बारा वर्षांत ‘बोलणारा’ या रकान्यात माझं नाव एकदाही आलेलं नाही.

पहिली सात वर्षं तिथे बहुतेक वेळा आईचं नाव असायचं. ती गेल्यावर सगळ्यांनी धरून चाललं की तिचं कृपादान, म्हणजे शब्द ऐकू येण्याची देणगी, आता माझ्याकडे येणार. मीही तसंच धरलं. दोन वर्षं दर बुधवारी उपास केला. त्या दहा मिनिटांत मला अजूनही फक्त डावीकडच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो. त्याचं बेअरिंग गेलं आहे.

आज पुन्हा मोना बोलली. तिचा बाप्तिस्मा होऊन आठ महिने झाले. चंदगडकडची, आधी काजूच्या कारखान्यात होती, आता गांधीनगरला कापडाच्या दुकानात कामाला आहे. वय तेवीस. शास्त्रात कुठला भाग कुठे आहे, हे तिला अजून शोधावं लागतं. आजचा तिचा सतरावा शब्द.

हेवा नाही. आकडा लिहिला इतकंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शिरोलीच्या कारखान्यात मी कॅलिब्रेशनचं काम पाहते. मशीनवरची माणसं ज्या गेजने माल मोजतात, ती गेज खरं सांगतात का, हे मी मास्टर गेजशी ताडून बघते. आमच्या खोलीत तापमान वीस अंश. चपला बाहेर.

आज भोकाचं माप बघायचं एक प्लग गेज झिजलेलं निघालं. मी त्याच्यावर लाल पट्टी लावली, म्हणजे बाद. उत्पादन विभागाचे ऋतुराज सर धावत आले.

“मॅडम, दोन मायक्रॉन. केसाच्या कितव्या भागाला दोन मायक्रॉन म्हणतात, सांगा की.”

“पस्तिसाव्या.”

“मग? माल संध्याकाळी जायचाय.”

“माल जाऊ दे सर. हे गेज जाणार नाही.”

ते हसले आणि म्हणाले, तुमच्या नवऱ्याचं कसं व्हायचं.

जेवणाच्या सुट्टीत मोनाचे सतरा शब्द एका तक्त्यात मांडले. पडताळून बघता येतील असे: शून्य. ‘तुमच्या दुखण्यापाशी देव बसून हाय.’ ‘तुम्ही टाकलेलं कोनी तरी उचलून घेतलंय, रडू नका.’ यात मोजायचं काय? जे कधी चुकूच शकत नाही, ते बरोबर आहे असं तरी कसं म्हणायचं?

आईच्या शब्दांचाही असा तक्ता करावा असं क्षणभर वाटलं. केला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर काही जण मोनाकडून प्रार्थना करून घेतात. आज मीही रांगेत उभी राहिले. का राहिले ते माहीत आहे, पण लिहिणार नाही.

माझ्या पुढच्या बाईशी ती पाच मिनिटं बोलली. बाई रडली. माझी पाळी आली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले आणि म्हणाली, “अक्का, तुमच्यासाठी काय आलं न्हाय. उगच कायतरी बोलू काय?”

“नको.”

“मलाबी तेच वाटलं.” मग पिशवीतून पुडी काढून माझ्या हातात दिली. “गावाकडचं काजू हाईत. तुकडा हाय, पर गोड हाय.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या गणपतरावांना मात्र शब्द आला. गणपतराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मंडळीचे वडील. आवाज अजून स्टँडवरचाच. ते डोळे पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, “तुझ्या आईनंतर असं काळजाला हात घालणारं कोन भेटलं न्हवतं बग.”

काजू कारखान्यात नेऊन वाटून टाकले.

पाळकांना विचारलं, शब्द खरा की खोटा हे ठरवायची कसोटी काय. ते सायकलला कुलूप लावत होते. म्हणाले, “स्वप्नाली, हा काय वेधशाळेचा अंदाज नाही. ऐकणारा उभा राहतो का, त्याला धीर येतो का, त्याचं दुःख हलकं होतं का, एवढंच बघायचं.”

“हे मोजता येत नाही.”

“नाही येत,” ते म्हणाले, आणि कुलूप ओढून बघितलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मोना दोनदा उठली. अकरा वाजून दोन मिनिटांनी उठली, माझ्याकडे पाहिलं, न बोलता खाली बसली. कच्च्या वहीत तेवढं टिपलं. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून केलेलं असणार. चार मिनिटांनी परत उठली आणि बयाबाईंकडे वळली.

बयाबाई सत्तरच्या पुढच्या, हॉलच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. दवाखान्यात आया होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अमरसिंह भांडून घरातून गेला. गोव्याला जातो म्हणाला होता. पुढे काही कळलं नाही.

मोनाचं बोलणं जसंच्या तसं: “मावशी, तुमच्या दारापशी कोनतरी उभं हाय. आत यायला भ्यालंय. तुम्ही कडी काढून ठेवा.”

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हॉलमधल्या सगळ्यांना मुलगाच आठवला असणार. पण मोना मुलगा म्हणाली नाही. परत येईल म्हणाली नाही. केव्हा, तेही नाही. म्हणजे कुणीही आलं तरी शब्द खरा, कुणीच आलं नाही तरी कोण भ्यालंय ते कुणाला माहीत.

घरी आले. मोठी वही उघडली. मोनाचं वाक्य उतरवलं. त्याच्याखाली त्याच पेनाने आणखी एक ओळ लिहिली: ‘तुमचा मुलगा ईस्टरच्या आत घरी येईल.’

वेळ संध्याकाळी सात दहा.

कारण लिहिते. विधान पडताळता येईल असं असावं. आता ते आहे. वीस एप्रिलला ईस्टर आहे. त्या दिवशी खरं-खोटं कळेल. शिवाय पुढच्या रविवारी वही सगळ्यांसमोर वाचली जाईल. साठ माणसांनी मोनाचं बोलणं ऐकलं आहे. कुणीतरी म्हणेलच की ती असं बोलली नव्हती. तेव्हा मी चूक झाली म्हणून ओळ खोडेन आणि निदान एवढं सिद्ध होईल की लोक नीट ऐकतात.

हे कारण मी दोनदा वाचलं.

२ मार्च, रविवार

कुणीही काही म्हणालं नाही.

मी वाचत होते. जास्तीची ओळ आली तेव्हा माझा आवाज बदलला नाही. संपल्यावर मी मनात पाचपर्यंत आकडे मोजले. गणपतराव मागे वळून म्हणाले, “आयकलं न्हवं सगळ्यांनी? ईस्टरच्या आत.” चार-पाच जण आमेन म्हणाले. बयाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी त्याच दिशी वळखलं हुतं.”

मोनाने माझ्याकडे पाहिलं. गोंधळलेली होती. मग तिने हळूच मान हलवली, स्वतःशीच, विसरलेलं आठवल्यासारखी.

तीन सह्या झाल्या. आता ती ओळ पारखलेली आहे.

९ मार्च, रविवार

मोना माझ्यासोबत केएमटी बसच्या स्टॉपपर्यंत चालत आली.

“अक्का, मी असं बोललेले व्हय? पोरगा येनार म्हनून?”

मला वाटतं, इथे मी थांबू शकले असते. मी म्हणाले, “वहीत आहे.”

“तेच म्हंते. तुम्ही लिवलंय म्हंजे मी बोलले असनार. मला बोलल्याव नीट ध्यानात ऱ्हात न्हाय. दारातलं मानूस तेवढं दिसलं हुतं.” थोडं चालल्यावर म्हणाली, “बरं झालं तुम्ही हाईसा. मी आपली बोलून मोकळी.”

बस आली. मी आत बसले. ती खिडकीपाशी येऊन म्हणाली, “काजू आवडलं काय?”

हो म्हणाले.

तिला शब्द येतो, आणि ती तो असा बोलून मोकळी होते, हिशेब न ठेवता. मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांना अक्षर दिलं. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१५ मार्च, शनिवार

बयाबाईंकडे गेले. त्यांनी बोलावलं होतं, वहीतलं पुन्हा वाचून दाखव म्हणून. त्यांना वाचता येत नाही.

दाराची कडी काढलेली होती. म्हणजे उघडलेली नव्हे, स्क्रूसकट काढून खिडकीत ठेवली होती. दाराला आता नुसता दगड टेकवतात. आत पलंगावर नवी चादर, घडीही न मोडलेली. त्या स्वतः खाली झोपतात.

“त्येच्या उंचीला पलंग पुरंल का गं? गेला तवा लई उंच झालता.”

मी वाचून दाखवलं. सगळं. दोन्ही ओळी. त्यांनी दुसरी ओळ परत वाचायला लावली. मी वाचली.

त्यांचा उजवा डोळा पांढरा झाला आहे. मोतीबिंदू पार पिकलाय. मिरजेच्या दवाखान्यात चोवीस तारखेला ऑपरेशन ठरलं आहे, चार दिवस राहावं लागणार. मी पोचवायला येईन म्हणाले. त्या म्हणाल्या, “आता नगं. ईस्टर झाल्याव बगू. मी तिकडं आनि त्यो दारात आला तर? आतनं कोन व्हय म्हननार त्येला?”

“शेजारी सांगतील.”

“अकरा वर्सांनी आलेल्या पोराला शेजाऱ्यांनी सांगायचं व्हय?”

२१ मार्च, शुक्रवार

पाळकांनी मिरजेला फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, पिकलेला मोतीबिंदू फार दिवस ठेवला तर डोळ्यात दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. थांबू नका.

पाळक बयाबाईंना समजवायला गेले. मीही सोबत गेले. बयाबाईंनी सरळ विचारलं, “पाळकसाहेब, वहीत तुमची सही हाय का न्हाय?”

पाळक उठले. परत येताना मला म्हणाले, “आपण सही केली तेव्हा हा विचार केला नव्हता. पण शब्द तसा स्पष्ट होता.” मग विचारलं, “होता ना?”

मी म्हणाले, “वहीत स्पष्ट आहे.”

खोटं बोलले नाही. वहीत स्पष्टच आहे.

३० मार्च, रविवार

पाडवा. गल्लीत दारोदार गुढ्या. हॉलमध्ये मंडळी कमी.

बयाबाई उजव्या डोळ्यावर रुमाल धरून आल्या. डोळा लाल, पाणी गळत होतं. ठणका डोक्यात जातो म्हणाल्या. तरी पहिल्या रांगेत बसल्या, दाराकडे तोंड करून.

शांततेची दहा मिनिटं झाली. मोना उठली नाही. नंतर गणपतरावांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “मोना, त्वा आता मावशीसनी सांग, दवाखान्यात जा म्हनून. तुजं आयकतील.”

मोना म्हणाली, “मी काय सांगू? एकदा ह्याच तोंडानं थांबा म्हटलं, आता जावा म्हनू? मग कुठलं देवाचं आनि कुठलं माजं?” तिचा चेहरा उतरला होता. “मी हितनं पुढं बोलनार न्हाय. मला पारकच न्हाय. डोळा जातोय मानसाचा माज्या बोलन्यानं.”

हे मला हवं होतं. सात आठवड्यांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी हेच मागितलं असतं: मोना गप्प बसावी.

घरी येऊन जेवले नाही. उपास म्हणून नव्हे.

२ एप्रिल, बुधवार

मास्टर गेजचा संच बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आला. दर वर्षी जातो. सोबतच्या कागदावर प्रत्येकाची चूक लिहिलेली असते. किती मायक्रॉन, कोणत्या बाजूला. नवीन मुलींना मी शिकवते की मास्टर कधी मालाशी ताडून बघायचा नाही. मास्टर चुकला तर सगळा माल चुकीचा असूनही बरोबर दिसतो आणि मजल्यावर कुणाला कळायचा मार्ग नाही. म्हणून तो आपणहून बाहेर पाठवायचा.

हे आज मी तिघींना शिकवलं. मधेच थांबले. एकीने विचारलं, “मॅडम, बरं नाही का?”

साठ माणसांनी आपल्या कानांवर नाही, वहीवर विश्वास ठेवला. मोनाने स्वतःच्या तोंडावर नाही, वहीवर विश्वास ठेवला. त्यात त्यांची चूक नाही. वहीचं कामच ते.

मी ती ओळ पडताळणीसाठी लिहिली नाही. मोना खोटी ठरावी म्हणून लिहिली. आईच्या जागी ती उभी राहते हे मला सहन झालं नाही. तिच्या हातात काहीच नसताना तिला मिळालं, आणि मी हात स्वच्छ धुऊन बारा वर्षं थांबले होते.

हेवा. ९ फेब्रुवारीची नोंद चुकीची आहे. ती खोडत नाही, तशीच राहू दे.

५ एप्रिल, शनिवार

आधी बयाबाईंना सांगायचं ठरवलं, मंडळीला नंतर. दुपारी चारला त्यांच्या गल्लीत पोचले. दाराला दगड टेकलेला होता. ढकललं असतं तरी उघडलं असतं. मी बाहेर चौदा मिनिटं उभी राहिले. एकदा परत फिरून कोपऱ्यापर्यंत गेले, पुन्हा आले.

आतून आवाज आला, “कोन हाय गं भाईर? कवाधरनं सावली हालतीया. आत ये की. दार काय खातंय व्हय?”

आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजव्या डोळ्यावर ओली पट्टी. उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. मोना काय म्हणाली ते कच्च्या वहीतून वाचलं. मग म्हणाले, “मुलगा येईल असं ती बोलली नव्हती. ती ओळ माझी आहे. मी घरी बसून लिहिली.”

बयाबाईंनी डोळ्यावरची पट्टी दाबून धरली. मग, “म्हंजे अमरसिंग येनार न्हाय?”

“ते मला माहीत नाही, मावशी. मोनालाही माहीत नाही. तिने तसं म्हटलंच नव्हतं.”

“मग त्वा का लिवलंस?”

“मला मोनाचा हेवा वाटत होता.”

“तिचा? ती तर ढेकळागत हाय.” आणि म्हणाल्या, “एवढ्यासाटनं.”

त्यांनी चांगल्या डोळ्याने पलंगाकडे पाहिलं. चादरीची घडी अजून तशीच होती. मग उठल्या, भिंतीला धरत गेल्या आणि ती चादर ओढून काढली. मी मदतीला पुढे झाले तर हात झिडकारला.

“तुजी आई असती तर तुला फोडून काडली असती.”

“हो.”

“मला शिव्या देता यीना झाल्यात बग. डोस्कं ठनकतंय.” खाली बसल्या. “उद्या सगळ्यांम्होरं सांगनार हाईस?”

“हो.”

“सांग. मग परवा मला मिरजंला ने. तूच ने. दुसऱ्या कुनाला मी काय म्हनून सांगत बसू?”

६ एप्रिल, रविवार

अकराच्या शांततेत मी उभी राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा. लोक वळून बघायला लागले. एक-दोघांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. त्यांना वाटलं, आईचं आलं.

“माझ्याजवळ कसलाही शब्द आलेला नाही,” मी म्हणाले. “दोन मार्चला मी वहीतून जे वाचलं, त्यातलं एक वाक्य मोनाचं नव्हतं.” मग तारीख, वेळ, ओळ आणि कारण सांगितलं. कारण सांगताना आवाज गेला, म्हणून परत सांगितलं.

गणपतराव उठले. “आनि आमी त्येच्यावर सह्या केल्या. तिघांनी. कानात काय बोळं घातलं हुतं काय आमी?” ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते विठाबाईंकडे आणि पाळकांकडे बघून ओरडले, कारण बाकीच्या दोन सह्या त्यांच्या.

मी वही पुढे केली आणि म्हणाले, ही आता दुसऱ्या कुणाकडे द्या. पाळकांनी ती घेतली, चाळली आणि मला परत दिली. “तूच लिहायची. पण उतरवताना मोना शेजारी बसेल. तिची सही आधी, आमच्या सह्या त्यानंतर.”

मला वाटतं, काढून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं.

मोना त्या वेळी मागच्या बाकावर होती. ती पुढे आली नाही, रागाने पाहिलंही नाही. रडत होती. ते कशासाठी, हे मला कळलं नाही.

९ एप्रिल, बुधवार. मिरज

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आला असतात तर नजर बरीच राहिली असती. उजव्या डोळ्याने आता उजेड-अंधार कळेल, बोटं मोजता येणार नाहीत. डाव्याने अजून दिसतं, वर्षअखेरीला तोही करून घ्यायचा.

चोवीस मार्च ते आठ एप्रिल. पंधरा दिवस. हा आकडा माझ्या नावावर आहे.

दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे. बयाबाई नर्सला हात लावू देत नाहीत. म्हणतात, हिलाच घालू द्या, हिला मोजायची आवड हाय.

१४ एप्रिल, सोमवार

रोज कामावरून सरळ त्यांच्याकडे. आज दाराला कडी परत बसवून दिली. चार स्क्रू, एक आटे गेलेला, तो बदलला. झाल्यावर त्या म्हणाल्या, “बसीव, पर लावू नगं. तू यायच्या टायमाला मला उटाय लागतंय.”

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

अमरसिंह आला नाही. सकाळी सूर्योदयाच्या उपासनेला बयाबाई काळा चष्मा लावून आल्या होत्या. दाराकडे पाठ करून बसल्या. गीतात सगळ्यांच्या पुढे अर्धी ओळ धावत होत्या.

मोना अजूनही दहा मिनिटांच्या शांततेत उठत नाही. आज उपासनेनंतर वही उतरवायला आम्ही दोघी हॉलमध्ये थांबलो. उतरवायचं काहीच नव्हतं. मी तारीख लिहून ‘निरंक’ लिहिलं. तिने सही केली. सही करायला तिला वेळ लागतो.

मी म्हणाले, “तू बोलायचं थांबू नकोस. चूक तुझी नव्हती.”

“तसं न्हाय अक्का. माजीबी एक चूक हाय.” ती पेनाचं टोपण लावत, काढत बसली. “तुमच्यासाठी एक आलं हुतं. मी बोलले न्हाय. भ्याले.”

“काय आलं होतं?”

“‘तिला सांग, मी तिच्यावर रागावलो न्हाय.’ एवढंच. आता तुम्ही किती नीटनेटक्या, तुमच्या हातनं काय चूक झालीया म्हनून देव रागवायचा? मला वाटलं, असं बोलले तर तुमचा अपमान हुईल. उटले आनि तशीच बसले. मग मावशींचं आलं, ते बोलले.”

“म्हणजे बयामावशींच्या दिवशी?”

“व्हय. त्याच रविवारी. त्येच्या आदी.”

मी तिला म्हणाले, थांब. कच्ची वही पिशवीत होती. २३ फेब्रुवारीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे: ‘११.०२ मोना उठली. न बोलता बसली.’

जास्तीची ओळ मी त्या संध्याकाळी सात दहाला लिहिली. माझ्यासाठीचा शब्द त्याच्या आठ तास आठ मिनिटं आधीचा. वजाबाकी तीन वेळा केली.

मोना म्हणाली, “आता लिवून घ्या की.”

मी पेन उचललं नाही. डावीकडचा पंखा आवाज करत होता. मग मी रडायला लागले, आणि मोना माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. किती वेळ, ते मी पाहिलं नाही.